दमाचा बल्ब

सत्याप्पाचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. रेडियमच्या काट्यांचं एक घड्याळ घरात होतं, ते शेवंताच्या उशाशी असायचं. तिला झोप कमी. दोन वर्षांपूर्वी लाकडाचा भारा घेऊन उतरताना घसरली, कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून ती खाटेवरच होती. तीन वाजले की ती हाक मारायची.

"उठा. तीन झाले."

तो उठायचा. चूल पेटवून पाणी ठेवायचा. शेवंताला कुशीवर वळवायचा, पाठ कोमट पाण्यानं पुसून कोरडी करायचा, खालचं फडकं बदलायचा, पुन्हा दुसऱ्या कुशीवर. पाठीला जखमा पडू द्यायच्या नाहीत, एवढं दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं आणि ते त्यानं एक दिवसही चुकवलं नव्हतं. मग तिला भाकरी-कालवण, उशाशी पाण्याचा तांब्या, हाताशी काठी. दुपारी शेजारची तानीबाई येऊन बघून जायची. मुलगी संकेश्वरला दिलेली, घरात तिसरं कोणी नाही. हे सगळं पाऊण तासाचं काम. घाई केली तर अर्ध्या तासात उरकतं, पण मग ते नीट होत नाही. सत्याप्पा तीनला उठायचा तो याच पंधरा मिनिटांसाठी.

पावणेचारला तो फटफटी बाहेर काढायचा. जांबोटी ते मच्छे सोळा मैल. सकाळची पहिली एस.टी. पावणेसातला, आणि त्याला पाचच्या आत कामावर पोचायचं असायचं.

मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत तो कुपोला पेटवायला होता. कुपोला म्हणजे लोखंड वितळवायची उभी गोल भट्टी, दीड मजला उंच. पहाटे पाचला तिच्या तळाशी वाळलेली लाकडं रचायची, वर कोक, म्हणजे भाजून काढलेला दगडी कोळसा, घालायचा, खालून पेटवायचं. लाकडं दाटून रचली तर धूर कोंडतो. कोक एकाच अंगाला पेटला तर भट्टी दिवसभर लंगडी चालते. सगळा कोक सारखा लाल व्हायला अडीच तास लागतात, त्यात कोणाची हुशारी चालत नाही. साडेसातला ब्लोअर सुरू करून वारा सोडायचा, मग वरून लोखंड टाकायचं. पाचाला जाळ लागला नाही तर आठला लोखंड मिळत नाही, आणि साचे मांडून ठेवलेली चाळीस माणसं हातावर हात ठेवून बसतात.

लोखंड कुठवर आलंय हे सांगायला तिथं यंत्र नव्हतं, सत्याप्पाचे डोळे होते. भट्टीच्या अंगाला निळी काच लावलेलं भोक असतं. त्याला डोळा लावून तो सांगायचा. तांबडं म्हणजे कच्चं. पिवळं म्हणजे येतंय. पांढरं झालं की ओता. अकरा वर्षांत त्याचं सांगणं दोनदा चुकलं होतं आणि ते दोन्ही दिवस त्याच्या लक्षात होते.

अकरा वर्षं काम करूनही तो कायम नव्हता. दर वर्षी काही महिने झाले की पंधरा दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नव्यानं घ्यायचे. १९८१च्या पावसाळ्यात सुपरवायझर गोपाळरावांनी त्याला बोलावून सांगितलं की दिवाळीला एक नाव कायम करायचंय, कुपोल्यावरचं. भट्टी वेळेवर पेटत राहिली तर ते त्याचं. गोपाळराव शहापूरचे, बेळगावातल्या जुन्या घरचे. आवाज न चढवता बोलायचे, आणि बोलले ते करायचे.

कायम झाला की पगार बारमाही. बारमाही पगार असला की मच्छ्यात स्वतःची जागा घेता येईल. तोवर जांबोटी सुटत नव्हती. मच्छ्यात भाड्यानं खोल्या होत्या, पण घरमालक आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. आपल्याच लोकांच्या वस्तीत एक खोली मिळत होती. तिचं दार इतकं अरुंद की शेवंताची खाट आडवी, उभी, कशीही आत जाईना.

म्हणून फटफटी. छावणीतून निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका सुभेदाराकडून त्यानं ती जुनी बुलेट घेतली होती, म्हैस विकून. सुभेदारानं तिच्यावर स्वतःच्या हातानं पुष्कळ कारागिरी केलेली होती. काय काय केलंय हे सत्याप्पानं विचारलं नाही आणि सुभेदारानं सांगितलं नाही. एक वर्ष गाडी तक्रार न करता चालली.

आषाढात एका वाऱ्यात अंगणातल्या फणसाची फांदी मोडून गाडीच्या तोंडावर पडली. पुढच्या दिव्याची काच आणि आतला बल्ब, दोन्हीचा चुरा झाला. सत्याप्पानं तुकडे गोळा करून खड्ड्यात पुरले, अनवाणी पायांना लागू नयेत म्हणून. तो चुरा तेव्हा पुरायला नको होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तो बेळगावला गेला. खडेबाजाराजवळच्या एका बोळात आण्णाप्पा नावाच्या म्हाताऱ्याचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. म्हातारा गोकाककडचा, कानडी बोलणारा. या भागात एक रीत आहे, समोरच्याच्या भाषेत बोलावं. त्यानं माणूस खूश होतो आणि माल बरा देतो. सत्याप्पाला कानडी येत होतं, बाजारापुरतं. त्यानं कानडीतच बल्ब मागितला. नवी काचही मागितली.

आण्णाप्पा शब्द मोजून बोलायचा. काच काढून ठेवली, मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "आरेन?"

दिवा विझला की कानडीत आरला म्हणतात. विझलाय का, असं म्हातारा विचारतोय. सत्याप्पानं मान हलवली. "हूं री. आरैति." व्हय, विझलाय.

आण्णाप्पानं मागच्या फळीवरून एक डबी काढली आणि दिली.

त्या रात्री नव्हे, पण दुसऱ्या पहाटे सत्याप्पानं दिवा लावला तेव्हा त्याला फार बरं वाटलं. सुभेदाराचा बल्ब पिवळा होता. हा पांढरा. रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता. भट्टीत असं पांढरं दिसलं की तो ओतायला सांगायचा. चांगला माल दिला म्हाताऱ्यानं, असं तो मनाशी म्हणाला.

चार दिवसांनी कुसमळीच्या पुलाअलीकडे तो बल्ब गेला. एकदम. पुढं काळं, खाली मलप्रभेचं पाणी, वर झाडांची ठिबक. सत्याप्पानं गाडी थांबवली. हातात विजेरी धरून, पहिल्या गियरमध्ये, पायानं रस्ता चाचपत तो उरलेलं अंतर गेला. मच्छ्याला पोचला तेव्हा पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. जाळ उशिरा लागला, लोखंड उशिरा आलं, चाळीस माणसं बसून राहिली.

गोपाळरावांनी घड्याळ बघितलं. "काय झालं?"

"लाईट गेली साहेब."

"बल्ब घ्या चांगला."

त्यानं घेतला. जळालेला बल्ब कागदात गुंडाळून नमुना म्हणून नेला, चूक व्हायला नको म्हणून. आण्णाप्पानं नमुना बघितला आणि तसाच दिला. सत्याप्पानं दोन घेतले. एक गाडीत, एक तंबाखूच्या डबीत कापूस घालून, खिशात. पहिला पाच दिवस टिकला. डबीतला त्यानं भर पावसात, अंगाखाली दिवा धरून, सात मिनिटांत बसवला. तो तीन दिवस टिकला.

मग तो दुसऱ्या दुकानात गेला. तिथंही नमुना दाखवला. "महागाचा द्या. पण दमाचा पाहिजे." दुकानदारानं त्याच जातीचा महागाचा दिला. तो चार दिवस टिकला. तिसऱ्या दुकानात त्याला सांगितलं की बल्बात काही नाही, दोष रस्त्याचा आहे. खड्ड्यानं आतली तार तुटते. पिरनवाडीच्या पंक्चरवाल्यानंही तेच सांगितलं.

फौंड्रीत परशराम नावाचा हेल्पर होता. गेटच्या समोरच राहायचा. कुपोल्याचं काम शिकलेला, कायम होण्याची त्यालाही गरज होती. माणूस वाईट नव्हता, जिभेला मात्र लगाम नव्हता.

"सत्याप्पाअण्णा, फटफटी ईका आन् बैल घ्या. बैलाला अंधारात दिसतंय."

"बैलाला चारा कोण घालणार?"

"बल्बाला घालालायसा की."

लोक हसले. सत्याप्पाही थोडा हसला. दुसरं काय करणार.

खड्डे बुजवणं त्याच्या हातात नव्हतं. झटके कमी करणं होतं. त्यानं जुन्या ट्यूबचं रबर कापून दिव्याच्या भांड्याखाली चार घड्या घातल्या. त्यानंतरचे तीन बल्बही तीन-तीन दिवसांत गेले. मग एका रविवारी तो सकाळपासून गाडीपाशी बसला. दिव्यापासून बॅटरीपर्यंतची एकेक तार सोडवली. तांब्याची टोकं हिरवी पडली होती, ती पॉलिश पेपरनं घासून लालभडक केली. गंजलेले स्क्रू बदलले. चासीला जिथं तार जोडलेली होती तिथला रंग खरवडून लोखंड उघडं केलं. पाच तास लागले. एकही जोड त्यानं वरवर सोडला नाही. सोमवारी बॅटरी बेळगावात चार्जिंगला दिली, मंगळवारी परत घेतली. सहा बुचं उघडून प्रत्येकात पाण्याची पातळी बघितली. आता करायचं काही राहिलेलं नाही, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

बुधवारी पहाटे दिवा कधी नव्हे इतका पांढरा लागला. गाव संपून जंगल सुरू झालं, त्यानं गाडी थोडी पळवली, आणि बल्ब गेला. दीड मैल झाला होता. त्यानं डबीतला बसवला. तो कुसमळीच्या चढाला गेला.

एका फेरीत दोन. सगळं घासून-पुसून, कसून बांधून दोन.

तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. अंधारात हाताला बॅटरीची पेटी लागत होती, तिला त्यानं थोपटल्यासारखं केलं. आपण काय कमी केलं, हे त्याला सापडेना. काम कमी पडलं असतं तर अजून करता आलं असतं. इथं जितकं जास्त केलं तितका बल्ब लवकर गेला होता. आयुष्यात असं काम त्यानं बघितलं नव्हतं.

त्या दिवशी तो सहाला पोचला. विजेरीची बॅटरी संपली होती, शेवटचे दोन मैल त्यानं गाडी ढकलत नेली.

गोपाळराव गेटवरच उभे होते. त्यांनी त्याला शेडच्या बाजूला घेतलं. कोकच्या शेडची चावी कुपोलेवाल्याकडं असायची, सत्याप्पाच्या कमरेच्या करदोट्याला. गोपाळरावांनी तिच्याकडं बघितलं.

"सत्याप्पा, तुमच्यासारखा जाळ लावणारा मला मिळणार नाही. पण चाळीस माणसं दोनदा बसून राहिली. वर मला उत्तर द्यावं लागतं. तिसऱ्यांदा भट्टी थंड मिळाली तर ही चावी परशरामाकडं जाईल. दिवाळीचं नाव त्याचं."

"व्हय साहेब."

"इथं राहायला या ना."

सत्याप्पानं चावी करदोट्यात नीट खोचली आणि लाकडं आणायला गेला. 

दुपारी काम सुटल्यावर तो बल्ब आणायला बेळगावकडं निघाला, तर उद्यमबागेपाशीच लोक परत येताना दिसले. सीमाप्रश्नावरून बंद पुकारलेला होता. सगळी दुकानं बंद, रस्त्यावर टायर जळत होते. तरी तो आडवाटेनं खडेबाजारापर्यंत गेला. आण्णाप्पाच्या दुकानाला कुलूप. तो दहा मिनिटं त्या कुलपासमोर उभा राहिला आणि परत फिरला. खिशात एकही चांगला बल्ब नव्हता. डबीत नऊ जळालेले होते.

जांबोटीला पोचेपर्यंत पाच वाजले. त्यानं शेवंताला वळवलं, पाठ पुसली, चूल पेटवली. त्यातलं काहीही कमी केलं नाही. पण बोलला नाही. 

"भांडाण झालं?"

"न्हाय."

"मग?"

त्यानं सांगितलं. दोन बल्ब, सहा वाजता पोचणं, चावी, बंद. सांगताना तो चुलीकडं बघत होता. शेवटी म्हणाला, "उद्या अंधारात कसा जाणार. कायम गेलं, शेवंते. खड्डे मोजत अकरा वर्सं काढली आन् खड्ड्यानंच घालवलं."

शेवंता छताकडं बघत पडली होती. तिची खाट दाराच्या समोर होती. दार अरुंद, त्यातून तिला अंगणाची आणि पुढच्या रस्त्याची हातभर पट्टी दिसायची. दिवसभरात त्या पट्टीतून जेवढं जाईल तेवढं जग.

"खड्डा पुढच्या चाकालाच लागतोय व्हय?" ती म्हणाली.

"म्हंजे?"

"मी रोज पहाटं बघत अस्तोय न्हवं. तुमी गेलासा की तुमचा मागचा तांबडा दिवा वळणापतोर दिसतोय. एक दिस सुदीक चुकला न्हाय. पुढचा मराय लागलाय, आन् मागचा कसा जित्ता? त्येला खड्डं लागत न्हाईत?"

सत्याप्पानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग उठला.

मागच्या दिव्याची तांबडी काच त्यानं काढली. आतला बल्ब बोराएवढा. सुभेदाराच्या वेळचा, गाडी घेतल्यापासून बदललेला नाही. मागच्या चाकावर तर पुढच्यापेक्षा जास्त झटके बसतात, डबल सीट बसलेल्या कोणालाही ते माहीत असतं. त्यानं बटण दाबलं. बल्ब लागला. पिवळा.

मग त्यानं तंबाखूची डबी उघडली आणि जळालेले बल्ब एकेक करून त्या पिवळ्या उजेडात धरले. इतके दिवस ते नमुना म्हणून नेले होते, डोळे लावून बघितले नव्हते. काच आतून काळी पडलेली. तारेची दोन टोकं. झटक्यानं तुटलेली तार तुटल्यासारखी दिसते, टोक तीक्ष्ण असतं. इथं प्रत्येक टोकाला मोहरीएवढासुद्धा नाही असा बारीक मणी होता. दुसऱ्या बल्बालाही. नऊच्या नऊ.

तार तुटली नव्हती. वितळली होती.

वितळलेल्या धातूचा मणी सत्याप्पाला कोणी शिकवायला नको होता. लहान भट्टीला मोठ्या भट्टीचा वारा सोडला की अशीच गत होते. आधी झकास पांढरं दिसतं, मग भट्टीच जळते. तारा घासल्या, बॅटरी भरली, म्हणजे त्यानं वाऱ्याच्या वाटेतली राख काढली होती. मागचा बल्ब या वाऱ्याच्या मापाचा होता. पुढचे नऊही दुसऱ्याच कुठल्या तरी मापाचे. माप कुठलं हे त्याला माहीत नव्हतं. पण पांढरा उजेड बघून आपण खूश झालो होतो हे त्याला आठवलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. अकरा वर्षं रंग बघून पोट भरणाऱ्यानं रंगालाच फसावं.

"काय झालं?" शेवंतानं आतून विचारलं.

"तू म्हनलीस त्ये बरोबर हाय. खड्डं न्हाईत."

उद्या पहाटेला अजून दहा तास होते आणि पुढं लावायला काही नव्हतं. त्यानं मागचा दिवा भांड्यासकट काढला. तार लांबवली, पुढच्या दिव्याच्या तारेला जोडली, आणि तो बोराएवढा बल्ब तांबड्या काचेशिवाय पुढच्या काचेच्या मधोमध दोरीनं आवळला. उजेड पडला तो चाकाच्या पुढं चार हात. त्याच्या पलीकडं काही नाही.

"दोनला हाक मार," तो म्हणाला. मग विचार करून, "एकला मार."

एकला तो उठला. पाठ पुसणं, फडकं, भाकरी, सगळं झालं. दोनच्या आत गाडी निघाली. त्या पहाटे शेवंताला दारातून काहीच दिसलं नाही. तांबडा दिवा पुढं गेला होता. ती आवाज ऐकत राहिली, वळणापर्यंत, आणि वळणानंतरही बराच वेळ, कारण गाडी फार हळू चालली होती.

सोळा मैल त्यानं गाडी दुसऱ्या गियरच्या वर घातली नाही. चार हात उजेडात जेवढं थांबता येईल तेवढाच वेग. कुसमळीच्या अलीकडं धुकं होतं, तिथं उजेड हातभरावर आला. तो उतरला आणि गाडी चालू ठेवून बाजूनं चालत पूल ओलांडला. पुढच्या चढावर रस्त्यात काहीतरी मोठं काळं उभं होतं. दोन डोळे पिवळे चमकले. गवा. सत्याप्पा थांबला. गवाही थांबला. बल्ब आता गेला तर, एवढंच त्याच्या मनात होतं. गव्याची त्याला तेवढी भीती वाटली नाही. पाच-सात मिनिटांनी गवा आपल्या वाटेनं उतरला. बल्ब तसाच जळत होता.

पिरनवाडी आली तेव्हा साडेचार झाले होते. फौंड्रीच्या गेटवर वॉचमननं घड्याळ दाखवलं, पाचाला दहा कमी. परशराम आधीच आलेला होता, आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, भिंतीला टेकून बसला होता. सत्याप्पाला बघून तो उठला. त्याच्या तोंडावर काय होतं ते अंधारात दिसलं नाही.

"आलासा?"

"आलो."

"मग लाकडं आनू काय?"

"आण."

दोघांनी मिळून भट्टी रचली. पाचाला जाळ लागला. साडेसातला सत्याप्पानं निळ्या काचेला डोळा लावला आणि वारा सोडायला सांगितलं. गोपाळराव आले, धूर बघितला आणि ऑफिसात गेले.

दुपारी दुकानं उघडली होती. सत्याप्पा आण्णाप्पाच्या दुकानात शिरला आणि फळीवर दोन गोष्टी ठेवल्या, एक जळालेला मोठा बल्ब आणि मागचा बोराएवढा.

या वेळी त्याला कानडी सुचेना. "ह्यो छोटा मरत न्हाय. ह्यो मोठा मरतोय. छोट्याच्या जातीचा मोठा द्या."

आण्णाप्पानं छोटा बल्ब डोळ्याजवळ नेला, बुडाला कोरलेलं वाचलं. मग मोठा वाचला. चष्मा काढला.

"हे बारा व्होल्टचं हाय. तू आरु नेलास की."

"आरु?"

"आरु. सहा. सहा व्होल्टचा. मी विचारलो न्हवं पयल्या दिवशी, आरेन म्हणून? सहाचा काय म्हणून?"

सत्याप्पा फळीला हात टेकून उभा राहिला. "मला वाटलं, विझलाय काय म्हणून विचारालायसा."

"विझलाय म्हणूनच माणूस बल्ब घ्यायला येतोय. ते कशाला विचारू मी?"



"आन् तू म्हणालास, आरैति. सहाचाच हाय." आण्णाप्पानं चष्मा पुन्हा चढवला. "ब्याटरीला बुचं किती?"

"सहा."

"एका बुचाला दोन व्होल्ट. झालं बारा. कुणीतरी सहाची गाडी बाराची करून ठेवलाय."

ती सहा बुचं सत्याप्पानं दर आठवड्याला उघडली होती, पाणी घातलं होतं, पुसून लावली होती. आणि ज्याच्या बुडावर बाराचा आकडा कोरलेला असणार तो सुभेदाराचा बल्ब त्यानं स्वतःच खड्ड्यात पुरला होता.

"मराठीत विचारला असतासा तर," तो म्हणाला.

"तू कानडीत बोलालतास," आण्णाप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उपहासही नव्हता. त्यानं आतून दोन डब्या आणल्या. दोन्ही बाराचे. एक जास्त उजेडाचा, एक कमी.

"पेटवून दावा," सत्याप्पा म्हणाला.

दुकानातल्या बॅटरीवर आण्णाप्पानं दोन्ही पेटवून दाखवले. पहिला लख्ख, डोळ्यात भरणारा. दुसरा शांत पिवळा. सत्याप्पानं दोन्हींकडं वेळ घेऊन बघितलं, निळी काच नसताना बघतात तसं, डोळे बारीक करून.

"पांढरा नको. ह्यो पिवळा द्या."

"लांबचं दिसणार न्हाय."

"मला पाचापतोर पोचायचंय. लांबचं बघून काय करू?"

आण्णाप्पानं पहिल्या बल्बाचे पैसे परत करायला काढले. सत्याप्पानं घेतले नाहीत. चूक दोघांची होती, आणि त्यातली आपली जास्त, असं त्याचं मत होतं. म्हाताऱ्यानं मग एक तांबडी काच नवी काढून दिली, ती मात्र त्यानं घेतली. जुनी घाईत काढताना तडकली होती.

दुसऱ्या पहाटे तांबडा दिवा पुन्हा वळणापर्यंत दिसला.

दिवाळीला सत्याप्पाचं नाव कायमच्या यादीत लागलं. परशरामाचं पुढच्या वर्षी लागलं, दुसऱ्या खात्यात, साच्यावर. त्या वर्षभरात तो सत्याप्पाशी कामापुरतंच बोलायचा, आणि सत्याप्पालाही त्याच्याशी हसून बोलायला जमलं नाही. फणसाच्या फांदीनं आपला दिवा फुटला नसता तर त्या माणसाला ती एक पहाट स्वच्छ सदरा घालून भिंतीला टेकून बसावं लागलं नसतं, हे त्याच्या मनातून गेलं नाही.

पिवळा बल्ब पाच पावसाळे टिकला. तो गेलाच नाही. त्याची गरज संपली.

१९८६च्या उन्हाळ्यात सत्याप्पानं मच्छ्याच्या हद्दीत, फौंड्रीपासून पाच मिनिटांच्या चालीवर, लहानशी जागा घेतली. ती विकणाऱ्यानं आडनाव विचारलं नाही, कारण जागा दगडाळ होती आणि दोन वर्षं कोणी घेत नव्हतं. दगड सत्याप्पानं सुट्टीच्या दिवशी स्वतः फोडले. एक खोली झाली. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली भुई. तिथं पैसे संपायला आले, आणि उरलेले कशाला लावायचे यावर त्याचं ठरलेलं होतं. सुतार आला तेव्हा त्यानं खाटेचं माप घेतलेली दोरी पुढं केली.

"एवढं रुंद दार गोठ्याला असतंय," सुतार म्हणाला.

"असू दे."

"दोन फळ्या जादा लागत्यात. नुसत्या दाराला येवढा खर्च करून खिडकी न्हाय म्हणतासा."

"खिडकी नको. दार कर."

मे महिन्याच्या शेवटी टेम्पोतून शेवंता आली. चौघांनी खाट उचलली, तिच्यासकट. ती आडवी करावी लागली नाही, उभी करावी लागली नाही. सरळ आत गेली. सत्याप्पानं ती दाराकडं तोंड करून ठेवली. दारातून रस्ता दिसत होता, पलीकडची चिंच, आणि चिंचेच्या शेंड्यावर कुपोल्याची चिमणी.

दुसऱ्या दिवशी पाचाला शेवंतानं त्या चिमणीतून पहिला धूर निघालेला बघितला. अकरा आणि पाच, सोळा वर्षांच्या पगारातून सत्याप्पानं मनासारखं घेतलं ते एवढंच, साडेतीन फूट रुंदीचं दार.